संकल्पस्वातंत्र्य शिकवताना या चुका टाळा

अमळनेरला बारावी कलाच्या वर्गाला तत्त्वज्ञान शिकवतो. त्यात संकल्पस्वातंत्र्य येतं, म्हणजे आपली निवड खरंच आपली असते का, हा प्रश्न. पहिल्या वर्षी मी फळ्यावर लिहिलं, ‘संकल्पस्वातंत्र्य म्हणजे…’ आणि वर्गाने पूर्णविरामासकट उतरवून घेतलं. कोणी काही विचारलं नाही. बेल झाली, पोरं एसटी गाठायला पळाली.

व्याख्येपासून सुरुवात, ही पहिली चूक. आता मी आत शिरताच विचारतो, “या बाकावर तुम्हाला कोणी बसवलं?” हसतात. “कोणीच नाही, सर.” “मग जूनपासून रोज तिथेच कसे?” थोड्या वेळाने एक जण म्हणतो पंखा, दुसरा म्हणतो दोस्त, मागून कोणी म्हणतं सवय. हे तीन शब्द फळ्यावर आले की ‘निवडलं’ आणि ‘घडलं’ यांतलं भांडण आपोआप सुरू होतं. व्याख्या आठवडाभराने दिली तरी चालते.

दैववाद आणि नियतिवाद यांची खिचडी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि पाठ्यपुस्तकापेक्षा तो आपण शिक्षकच वाढवतो. कोणी “कपायमा व्हतं ते व्हयनं” (कपाळी होतं ते झालं) म्हटलं की आपण खूश: आला नियतिवाद! नाही, तो दैववाद. नियतिवाद म्हणतो, प्रत्येक घटनेला आधीची कारणं असतात आणि त्या कारणांतून तीच घटना निघते. दैववाद म्हणतो, तू काहीही कर, व्हायचं ते होणारच.

फरक शब्दांत सांगून कळत नाही. मी केळीच्या बागेत जातो. मे-जूनमध्ये वादळ आलं की रावेर-यावलकडे घड लागलेल्या बागा आडव्या होतात, हे वर्गातल्या निम्म्या घरांनी भोगलेलं. मग विचारतो, दैववाद्याने वारा अडवायला बांधावर शेवरी लावावी का? झाडाला टेकू द्यावा का? त्याच्या हिशेबाने उपयोग शून्य. नियतिवादी मात्र शेवरी लावेल, कारण बाग वाचण्याच्या कारणांत शेवरीही आहे.

ग्रीकांकडे याला ‘आळशी युक्तिवाद’ म्हणत: बरं होणं नशिबात असेल तर वैद्य कशाला? स्टोइक या ग्रीक पंथातल्या क्रिसिपसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी उत्तर दिलं की बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्यासोबतच ठरलेलं आहे. हे सांगितल्यावर मागच्या वर्षी एक पोरगा ओरडला, “म्हनजे सर, शेवरीबी कपायमा लिखेल शे!” त्याला गप्प करू नका. कारणांनी बांधलेली कृती तरीही ‘माझी’ असू शकते का, हा खरा प्रश्न त्यानेच काढलाय. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं ‘हो, असू शकते’ हे उत्तर त्यानंतर सांगा, आधी नाही.

‘आपल्याकडे सगळं कर्मच’

हे वाक्य वर्गात येतंच, बहुतेकदा शिक्षकाच्या तोंडून. आपल्याकडे भांडण कमी नव्हतं. बुद्धाच्या काळातल्या आजीवक पंथाचा मक्खली गोसाल म्हणे, सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसा जीव. आपला प्रयत्न फुकट. उलट पाणिनी व्याकरणात कर्त्याची व्याख्याच ‘स्वतन्त्रः कर्ता’, म्हणजे जो स्वतंत्र तो कर्ता, अशी करतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या पाच कारणांत दैव पाचवं आहे, एकमेव नाही. आणि त्याच अध्यायात अर्जुनाला ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला हवं तसं कर, असंही सांगितलंय. आसोद्याच्या बहिणाबाईंनी तर ज्योतिषाला दारातच येऊ नको म्हणून बजावलं. ज्या अमळनेरात 1916 साली प्रताप शेठजींच्या आधाराने तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, तिथे तरी ही सबब चालू नये.

‘विज्ञानाने सिद्ध झालंय’

यूट्यूब पाहून आलेला एक जण असतोच. अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा 1983चा प्रयोग तो सांगतो: मेंदूतली हालचाल कृतीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी सुरू होते, ‘करावंसं वाटलं’ ही जाणीव मात्र फक्त 200 मिलिसेकंद आधी. आकडे बरोबर आहेत. फक्त विचारा, कृती कोणती होती? मनात येईल तेव्हा मनगट हलवणं. कला घ्यावी की आयटीआय करावं, हे कोणी अर्ध्या सेकंदात ठरवत नाही. शिवाय शेवटच्या क्षणी हालचाल थोपवता येते, असं खुद्द लिबेटचं मत होतं.

सार्त्र अंगावर फेकणं

ही चूक माझी, आणि अजून टोचते. अस्तित्ववाद चालू होता, म्हणजे माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो हे मत. एका मुलीने विचारलं, “सर, घरचे बारावीनंतर जळगावला पाठवणार नाहीत. मग मी कशी स्वतंत्र?” मी ऐटीत सांगितलं, फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या मते माणसाला स्वातंत्र्याची शिक्षाच झालेली आहे, निवड न करणं हीसुद्धा निवड. ती खाली बसली. ज्याच्या पायात बेडी आहे त्याला ‘तूच निवडलंस’ म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा झाला. सार्त्रने 1945च्या व्याख्यानात आईजवळ राहावं की लढायला जावं अशा पेचात सापडलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. पण त्या मुलापुढे निदान दोन दारं उघडी होती.

तिच्यासाठी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा दाखला घ्यायला हवा होता. झोपेत एका माणसाला खोलीत नेऊन बाहेरून कुलूप लावतात. तो जागा होतो, समोर आवडता माणूस बसलेला, तो आनंदाने थांबतो. थांबणं त्याच्या मर्जीचं, पण तो मोकळा नाही. दोन महिन्यांनी हा दाखला दिला, तेव्हा तीच मुलगी म्हणाली, “सर, त्याने एकदा दार ढकलून पाहिलं तर?”

त्या दिवशी तासाची बेल कोणालाच ऐकू आली नाही.