स्लरीची व्हिस्कॉसिटी मोजायला बसण्याआधी

गोव्याच्या लोहखनिजात बारीक माती भरपूर. त्यामुळे वॉशिंग प्लांटच्या स्लरीची (पाण्यात कालवलेल्या खनिजाची) व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, मोजताना घोळ बहुतेक वेळा मशीन सुरू करण्याआधीच झालेला असतो.

नमुना पडत्या धारेतून घ्या, कटर (नमुना घ्यायचं भांडं) धारेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून. टाकीत वरून भांडं बुडवून आणलेला नमुना फेकून दिलेला बरा. मोजायचा नमुना ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा कालवू नका. वाळलेल्या मातीच्या गुठळ्या पूर्ववत सुटत नाहीत. पातळ करायचं तर प्लांटचंच पाणी बादलीभर आणून ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे कण एकमेकांना धरण्याची तऱ्हाच बदलते. पीएच आणि तापमान तिथल्या तिथे लिहा: निव्वळ पाण्याची व्हिस्कॉसिटीसुद्धा 20 अंशांना 1 सेंटीपॉईज (व्हिस्कॉसिटीचं एकक), तर 30 अंशांना 0.8 असते.

मार्सी तराजूवर (स्लरीची घनता दाखवणारा काटा) घनता घ्या, थोडा नमुना 105 अंशांवर वाळवून घनपदार्थाची टक्केवारी पडताळा. (हा वेगळा भाग, मोजायचा नव्हे.) वजनी 50 टक्क्यांवर भुलू नका. हेमेटाइट या लोहखनिजाची घनता 5.2 धरली, तर त्या स्लरीत घनपदार्थ आकारमानाने जेमतेम 16 टक्के असतो. क्वार्ट्झ (गारगोटी) असता तर 27. व्हिस्कॉसिटी ठरते ती आकारमानावर.

खरी डोकेदुखी गाळ बसण्याची. पाण्यात एकटा सुटलेला 50 मायक्रॉनचा हेमेटाइट कण सेकंदाला पाचेक मिलिमीटर खाली जातो. दाट स्लरीत हा वेग कमी होतो, पण बीकर ठेवून चहाला गेलात तर खाली खडी आणि वर लाल पाणी. स्पिंडल, म्हणजे व्हिस्कोमीटरचा फिरता दांडा, मग कशाची व्हिस्कॉसिटी मोजणार? म्हणून ढवळणी हाताशी, टायमर लावलेला, ढवळणं थांबल्यापासून रीडिंगपर्यंतचा वेळ दरवेळी सारखाच. कप आणि स्पिंडलमधली फट सर्वांत मोठ्या कणाच्या दहापट तरी हवी, त्यासाठी योग्य चाळणी आधीच काढून ठेवा.

व्हिस्कोमीटर प्रमाणित तेलावर तपासा. एकाच आरपीएमचा (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) आकडा वरिष्ठांना आवडतो, पण अशी स्लरी जोरात फिरवली की पातळ होते. आरपीएमशिवाय तो आकडा निरर्थक आहे. तक्त्यात चार-पाच वेगांचे रकाने आखा, वेग आधी चढता, मग उतरता. दोन्ही फेऱ्या जुळल्या नाहीत तर गाळ बसलाय का, हे कपाच्या तळाशी काचेची कांडी फिरवून बघा. धुण्याचं पाणी शेजारीच असू द्या. वाळलेला लाल थर खरवडताना स्पिंडलवर ओरखडे पडतात.