विंग फॉइलिंगसाठी फॉइलचे माप कसे ठरवावे

विंग फॉइलिंगमध्ये, म्हणजे हातातल्या पंखात वारा धरून बोर्ड पाण्याच्या वर उचलून चालवण्याच्या खेळात, पंख दोन असतात. एक हवा भरून हातात धरायचा, ज्याचे माप चौरस मीटरमध्ये सांगतात, आणि दुसरा बोर्डाखाली मास्टच्या (पाण्यात जाणाऱ्या उभ्या दांड्याच्या) टोकाशी बसवलेला, म्हणजे फॉइल, ज्याचे माप चौरस सेंटिमीटरमध्ये सांगतात. नवशिके बहुतेक सगळी चर्चा हातातल्या पंखाची करतात. परंतु बोर्ड पाण्यातून वर येणार की नाही आणि वर आल्यावर तो ताब्यात राहणार की नाही, हे मुख्यतः हा खालचा पंख ठरवतो.

या पंखाला मिळणारी उचल क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. ८० किलो वजनाची व्यक्ती आणि सुमारे १० किलोचे सामान गृहीत धरले, तर १८०० चौरस सेंटिमीटरचा सर्वसाधारण पंख ताशी १२-१३ किलोमीटर वेगाला बोर्ड उचलतो, तर १२०० च्या पंखाला त्यासाठी ताशी सुमारे १५ किलोमीटर वेग लागतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात बोर्ड अजून पाणी कापत असतो तेव्हा तेवढा वेग मिळवण्यासाठीच हात भरून येतात.

म्हणून सुरुवात वजनापासून करावी. माझ्या मते शिकताना ६० किलोच्या आतल्यांनी १३०० ते १५००, ६० ते ८० किलोच्या लोकांनी १५०० ते १८०० आणि त्याहून वजनदार लोकांनी १८०० ते २२०० या दरम्यानचा पंख घ्यावा. त्यानंतर वाऱ्याचा विचार करावा. गोव्यात मोरजी-आश्वे किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या दुपारी १२ नॉटच्या (ताशी सुमारे २२ किलोमीटर) आसपासच्या खाऱ्या वाऱ्यावर शिकायचे असेल, तर आपल्या वजनाच्या पट्ट्यातले वरचे माप निवडावे; नेहमी २० नॉटपेक्षा जास्त वारा मिळत असेल, तर खालचे.

मोठा पंख म्हणजे सुरक्षित पंख, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. वेग दुप्पट झाला की त्याच कोनात उचल चौपट होते, आणि मग पुढच्या पायावर सगळा भार टाकूनही बोर्ड वरच चढत राहतो. शेवटी पंख पाण्याबाहेर डोकावतो, त्याच्या वरच्या बाजूला हवा शिरते, उचल एकाएकी नाहीशी होते आणि चालक तोंडावर आपटतो.

एवढ्यावरून पंख बदलायला मात्र धावू नये. बोर्डाच्या खाचेत मास्ट पुढे-मागे सरकवता येतो. तो एकेक सेंटिमीटर मागे घेऊन पाहावा, कारण त्याने बोर्डाचे नाक वर उठण्याची ओढ कमी होते. मास्ट पार मागे नेल्यावरही पुढची मांडी भरून येत असेल, तर पंख खरोखरच मोठा आहे. उलट, मास्ट पुढे घेऊन, पुरेसा वारा असून आणि पंपिंग (पायांनी बोर्ड वर-खाली दाबत उचल घेणे) बरे जमत असूनही बोर्ड उठत नसेल, तर तो लहान आहे.

क्षेत्रफळाइतकाच आकारही पाहावा. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीचा वर्ग करून त्याला क्षेत्रफळाने भागले की आस्पेक्ट रेशो मिळतो. १५०० चौरस सेंटिमीटरचा पंख ९० सेंटिमीटर लांब असेल तर हा आकडा ५.४ येतो, ११० सेंटिमीटर असेल तर ८ च्या थोडा वर जातो. लांब, निमुळता पंख कमी श्रमात दूरवर तरंगत जातो, पण तो वळायला आळशी असतो आणि वेग घटला की नवशिक्याला सावरायला फारशी सवड देत नाही. पहिल्या पंखासाठी ५ ते ६.५ हा पट्टा मला योग्य वाटतो. शिवाय काही कंपन्या वक्र पृष्ठभागाचे पूर्ण क्षेत्रफळ छापतात, काही वरून दिसणाऱ्या सावलीएवढे; त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे सरळ ताडून पाहू नयेत.

दोन्ही दिशांना सलग फॉइलवर राहता येऊ लागले की दुसरा पंख पहिल्यापेक्षा पंचवीस ते तीस टक्के लहान घ्यावा. तो बहुधा त्याच कंपनीचा घ्यावा लागतो, कारण फ्यूजलाजची (पंख मास्टला जोडणाऱ्या आडव्या दांड्याची) जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि कधी कधी एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मालिकांतही ती जुळत नाही. वापरलेला पंख स्वस्तात मिळत असेल तेव्हा हे आधी विचारून घ्यावे.