‘लोक’ म्हणजे नेमके कोण?

गेल्या वर्षी ऑफिसच्या कार्यक्रमात पाहुण्यांची ओळख करून देताना मी त्यांचं नाव चुकवलं. नुसतं आडनाव नाही, अख्खं नाव. हातात जुना कागद राहिला होता, त्यावर आदल्या वर्षीच्या वक्त्याचं नाव होतं. समोर हशा पिकला. मी चूक सुधारली, खाली बसले आणि पुढचा तासभर पाहुणे काय बोलले त्यातलं अक्षर कानात शिरलं नाही. तो हशा मात्र घरापर्यंत सोबत आला. नंतरचे पंधरा दिवस मी लिफ्टऐवजी जिना चढत होते, कारण लिफ्टमध्ये कुणीतरी भेटलं असतं.

आठ महिन्यांनी धीर करून एका सहकाऱ्याला विचारलं, “तो कार्यक्रम आठवतो?”

“हो तर! माइक काय खरखरत होता!”

“आणि मी नाव चुकले ते?”

“कुठलं नाव?”

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावायचा (त्या वयात असा टी-शर्ट घालणं म्हणजे लाजेने अर्धमेलं होणं) आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवायचं. घालणाऱ्यांना वाटलं, खोलीतल्या निम्म्यांना तरी चेहरा ओळखू आला असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना आला होता. हा प्रयोग सांगून “तुमच्याकडे कुणी बघतच नाही” असा दिलासा देणाऱ्यांचं मला पटत नाही. पाव लोक बघतात की! पण पावाला निम्मे समजणं ही हिशेबाची चूक आहे, आणि हिशेब दुरुस्त करता येतो. मी तो वहीत केला.

पहिलं काम, “लोक काय म्हणतील” यातल्या “लोक” या शब्दाला नावं द्या. कागदावर, खरीखुरी. मला वाटलं होतं, वीस-पंचवीस तरी निघतील. निघाली चार. एक माझे वरिष्ठ, एक बहीण, एक शाळेतल्या बाई, ज्या मला तीस वर्षांत दिसलेल्या नाहीत, आणि एक अशी व्यक्ती जिच्या मताला मी एरवी काडीची किंमत देत नाही. (यादीतून काढायला सगळ्यात जास्त वेळ याच चौथ्या नावाने घेतला. का, ते मला अजून उमगलेलं नाही.)

आता प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती काय म्हणेल ते तिच्या तोंडचं वाक्य म्हणून लिहा. “नावं ठेवेल” असं मोघम नको, शब्दन्‌शब्द हवा. इथे मला खरा धक्का बसला. चौघंही एकाच भाषेत बोलत होते. चौघांच्याही वाक्यात “बावळट” होतं. माझ्या वरिष्ठांनी हा शब्द आजवर कुणालाही वापरलेला मी ऐकलेला नाही. बहीण चिडली की गप्प बसते. “बावळट” हा माझा शब्द होता, लहानपणापासून मी स्वतःलाच लावत आलेला. चेहरे त्यांचे आणि आवाज माझा, असा सगळा कारभार.

त्यानंतर वहीचं डावं पान आणि उजवं पान. ज्या प्रसंगाची धास्ती वाटते त्याच्या आदल्या दिवशी डावीकडे भाकीत लिहायचं, आठवड्याने उजवीकडे काय घडलं ते. भाकीत पडताळता येईल असंच हवं. “सगळ्यांना मी मूर्ख वाटेन” हे कसं पडताळणार? “किमान तिघं मला टोकतील” हे पडताळता येतं. चार महिन्यांत माझ्या सतरा नोंदी झाल्या. तीन खऱ्या ठरल्या, आणि त्यातल्या दोन वेळा मी खरोखरच तयारी न करता गेले होते.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली या भीतीची जी मांडणी केली, ती वाचून मला आपली चोरी पकडल्यासारखं झालं. माणूस घाबरला की त्याचं लक्ष आत वळतं. कान तापलेत, छाती धडधडते आहे, यावरून तो आपलं एक चित्र बनवतो आणि समोरच्यालाही तेच दिसतंय असं धरून चालतो. मग ते लपवायच्या युक्त्या सुरू होतात. वाक्य मनात तीनदा घोकणं, पेला दोन्ही हातांनी धरणं, उगाच मोबाइल काढणं. या युक्त्यांनीच भीती टिकून राहते, कारण त्या नसत्या तर काय झालं असतं ते कधी कळतच नाही. सगळ्या एकदम सोडू नका, एकच सोडा. मी “चुकत असेन कदाचित, पण” ही सुरुवात सोडली. पहिले दोन दिवस अनवाणी चालल्यासारखं वाटलं. लक्ष आत वळू लागलं की समोरच्याचं शेवटचं वाक्य पकडायचं, एवढाच त्यावर उतारा.

थोडं धाडस असेल तर अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञांची पद्धत करून बघा. मुद्दाम, कुणाला त्रास होणार नाही असं काहीतरी वेडगळ करायचं. मी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखाली उभी राहून एका अनोळखी माणसाला किती वाजले ते विचारलं. त्याने वेळ सांगितली आणि तो गेला. माझी छाती मात्र पुढची दहा मिनिटं धडधडत होती.

यादीतल्या ज्यांच्या मताने खरंच फरक पडतो, त्यांना मात्र सरळ विचारा. “ऐकावे जनाचे, करावे मनाचे” यातला उत्तरार्धच आपण मिरवतो, ऐकण्याचं राहून जातं. मी वरिष्ठांना विचारलं. नाव चुकल्याचं त्यांनी काढलंही नाही. माझे अहवाल उशिरा येतात, हे मात्र स्पष्ट सांगितलं. बोचलं, पण ते माझ्या हातातलं होतं.

वही प्रत्येकाला पुरेल असं नाही. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ही भीती सतत असेल, तिच्यापायी चारचौघांत बोलणं, खाणं किंवा कामाला जाणं टळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. याला सामाजिक चिंता विकार म्हणतात, आणि बोधात्मक वर्तनोपचाराने (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने) त्यात चांगला फरक पडतो.

येत्या गुरुवारी यंदाचा कार्यक्रम आहे. ओळख करून द्यायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं आहे. डाव्या पानावर लिहून ठेवलंय, “किमान पाच जण गेल्या वर्षीचं काढतील.” उजवं पान कोरं आहे. कागदावरचं नाव तेवढं दोनदा तपासलं आहे.