वाहिबाच्या वाळूत घरच्यांना घेऊन जाताय? आधी टायरमधल्या हवेचं बघा

मस्कतहून फोर बाय फोर गाडी घेऊन वाहिबाला, म्हणजे ओमानमधल्या वाळवंटात, जायचं ठरलं की लोक आधी तंबू, शेगडी, पोरांच्या घसरगुंडीच्या पाट्या ह्याच्या याद्या करत बसतात. करा, पण ट्रिप बिघडते ती टायरमधल्या हवेमुळे आणि नेमकं त्याबद्दलच लोक वाट्टेल ते सल्ले देतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाकीचं पटकन सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. किमान दोन गाड्या हव्यात आणि दोन्हींना लो रेंज (हळू पण जास्त जोर देणारे गिअर) हवी. भाड्याची गाडी असेल तर वाळूत न्यायची परवानगी आहे का ते करारात वाचा. पाणी माणशी रोज पाच लिटर, वर एक कॅन जास्तीचा. फावडं, हवा मोजायला टायर गेज, भरायला कंप्रेसर, ओढायचा पट्टा आणि ऑफलाइन मॅप. वाळवंटाच्या कडेच्या बिदिया गावापर्यंत साधारण सव्वादोनशे किलोमीटर डांबरी रस्ता आहे, तिथे टाकी फुल्ल करा कारण वाळूत गाडी दीडपट-दुप्पट पेट्रोल पिते.

आणि पहिल्याच खेपेला आरपार समुद्रापर्यंत जायचं डोक्यातून काढून टाका. वाहिबा उत्तर-दक्षिण जवळपास १८० किलोमीटर आहे आणि वाळूच्या टेकड्यांच्या रांगाही तशाच उत्तर-दक्षिण पसरल्यात, त्यामुळे दोन रांगांच्या मधल्या सपाटीतून जाणं सोपं आणि रांगा ओलांडत पूर्वेला जाणं खूप कठीण. सपाटीतून वीस-पंचवीस किलोमीटर आत जा, रात्र काढा, आल्या वाटेने परत या. पोरांना तेवढंही भरपूर होतं.

आता हवा. डांबर संपलं की लगेच गाडी थांबवायची आणि चारही टायर १५ ते १६ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणायचे. पंचवीस नाही, वीसही नाही. आम्हाला पहिल्या वेळी कोणीतरी छातीठोक सांगितलं होतं की फॅमिली आणि सामान आहे, गाडी जड आहे, पंचवीस ठेवा. तीन किलोमीटरवर गाडी रुतली, मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबत राहिले आणि मिनिटभरात गाडीचं पोट वाळूला टेकलं. मागे सासूबाई आणि दोन पोरं, बाहेर ऊन, पुढचे दोन तास आम्ही नुसतं खणत होतो. गाडी जड असेल तर टायर आणखी पसरायला हवा, हे साधं गणित कोणी सांगितलं नव्हतं. हवा कमी केली की टायर रुंद होण्यापेक्षा लांबीला जास्त पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. हायवेवरून आल्यावर टायर तापलेले असतात, तेव्हा १५ दाखवणारा टायर सकाळी थंड झाला की दोन-तीनने कमी दाखवतो. सकाळी परत मोजा, १२ च्या खाली गेला असेल तर थोडी भरा, कारण एवढ्या कमी हवेवर जोरात वळण घेतलं की टायर रिममधून निघतो. कमी हवेवर झटक्यात वळायचं नाही, हा नियम गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या.

रुतलात तर? चाक जागच्या जागी फिरतंय असं वाटलं त्याच क्षणी पाय काढा. अजून जरा दाबून बघू हा मोह आवरा, प्रत्येक सेकंदाला गाडी खाली जाते. सगळ्यांना उतरवा, चाकांच्या पुढची-मागची आणि पोटाखालची वाळू काढा, हवा १२ वर आणा, लो रेंज टाका आणि आलात त्याच चाकोरीतून हळू रिव्हर्स घ्या. दहापैकी आठ वेळा एवढ्यात निघते. दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर पट्टा कंपनीने दिलेल्या रिकव्हरी हुकलाच लावा, ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटला तर गोळीसारखा उडतो आणि माणूस मरू शकतो. पोरांना लांब, एका बाजूला उभं करा, ह्यात अजिबात सूट नाही.

टेकडीवर सरळ चढायचं, माथ्याच्या जरा आधी पाय हलका करायचा, उतरतानाही सरळच उतरायचं. तिरकं गेलात की गाडी उलटते. थांबायचं असेल तर उताराकडे तोंड करून, ब्रेक न मारता. दुपारी डोक्यावर ऊन असताना सावल्या पडत नाहीत, कडा दिसत नाहीत, त्यामुळे बारा ते तीन गाडी हलवूच नका.

मुक्कामाला झाड दिसलं की लोक धावत खाली तंबू ठोकतात. तिथे मिळतं ते ग़ाफ, म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो तीच शमी. आमच्या सासूबाईंनी ते ऐकल्यावर त्याला हात जोडले होते. पण त्याच सावलीत उंट बसतात आणि वाळूत त्यांच्या गोचिड्या असतात, म्हणून तंबू झाडापासून लांब, उघड्यावर. त्याच्या फांद्या शेकोटीसाठी तोडू नका, लाकूड घरून न्या.

परतताना डांबराला लागण्याआधी चारही टायर पूर्ण भरा. जवळच दुकान आहे, तिथे भरू असं म्हणून १५ वर हायवेला लागू नका, टायर तापून फुटतो. आणि ताशी शंभरला स्टेअरिंग थरथरायला लागलं तर घाबरू नका, बहुतेकदा रिमच्या आतल्या बाजूला वाळू चिकटलेली असते. पहिल्या पेट्रोल पंपावर चाकांना आतून पाण्याचा जोरात फवारा मारून घ्या.