जर्मनीत नवीन आहात? आधी रुंडफुंकबायट्राग, मग बातम्या

नव्या पत्त्याची नोंदणी केली की काही दिवसांनी कोलोनहून बायट्राग्ससर्विसचं, म्हणजे शुल्क वसूल करणाऱ्या कार्यालयाचं पत्र येतं. फसवणूक समजून अनेक जण ते कचऱ्यात टाकतात. कृपया टाकू नका. रुंडफुंकबायट्राग म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचं शुल्क: ऑगस्ट २०२१पासून महिना १८.३६ युरो, तिमाहीला ५५.०८. घरात टीव्ही नसला तरी सुटका नाही, कारण २०१३पासून ते घरामागे आकारलं जातं.

म्हणूनच एका फ्लॅटमध्ये चौघे राहत असतील तर एकानेच भरायचं. बाकीच्यांनी आपापल्या पत्राला उत्तर देताना भरणाऱ्याचा नऊ आकडी बायट्राग्सनुमर (शुल्क क्रमांक) कळवायचा. घोळ होतो तो पुढे. भरणारा घर सोडतो, नाव काढून घेतो, उरलेल्यांपैकी कुणीच नोंदणी करत नाही आणि मागच्या महिन्यांची थकबाकी एकदम अंगावर येते. थकबाकीवर १ टक्का, पण किमान ८ युरो दंड बसतो. विद्यार्थ्यांना माफी मिळते ती मुख्यतः बाफॉग ही सरकारी मदत घेणाऱ्यांना, त्यामुळे भारतातून आलेल्यांनी ती गृहीत धरू नये. फॉर्म अधिकृत साइटवर फुकट भरता येतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट टाळा.

हे पैसे एआरडी, झेडडीएफ आणि डॉइचलांडराडिओ या सार्वजनिक प्रसारण संस्थांकडे जातात. नाझी काळात रेडिओ सरकारी प्रचाराचं हत्यार झाला होता. म्हणून युद्धानंतर प्रसारणाचा कारभार केंद्र सरकारच्या हाती ठेवलाच नाही. आजही तो राज्यांच्या अखत्यारीत आहे आणि एआरडी हा नऊ प्रादेशिक संस्थांचा संघ आहे.

भाषा कच्ची असेल तर डॉइच वेले या जर्मनीच्या आंतरराष्ट्रीय प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐका, सोबत मजकूरही मिळतो. (डॉइच वेले मात्र या शुल्कावर नाही, केंद्राच्या करातून चालते.) डॉइचलांडराडिओच्या डॉइचलांडफुंक वाहिनीचं 'नाखरिश्टनलाइश्ट' आठवड्याच्या बातम्या सोप्या जर्मनमध्ये देतं. मग रात्री ८ची टागेसशाऊ, म्हणजे एआरडीचं बातमीपत्र, अवघी पंधरा मिनिटं. मेडियाटेकमध्ये (वाहिनीच्या ऑनलाइन संग्रहात) सबटायटल लावून पुन्हा पाहा.

एका गोष्टीकडे नीट कान द्या. वृत्तनिवेदक 'हाट' (च्याकडे आहे) किंवा 'इस्ट' (आहे) या क्रियापदांऐवजी त्यांचीच 'हाबे', 'झाय' ही रूपं वापरत असेल, तर ते दुसऱ्याचं म्हणणं आहे, वाहिनीने खात्री केलेली वस्तुस्थिती नव्हे. आपल्या 'म्हणे'सारखंच, पण त्यातली शंका वजा करून. हे निसटलं की मंत्र्याचा दावा तुम्ही बातमी म्हणून पुढे पाठवता.

वर्तमानपत्रांत म्युनिकचं झ्युडडॉइचे उदारमतवादी डावीकडे झुकतं, फ्रांकफुर्टचं एफएझेड उजवीकडे, तर बर्लिनचं टात्स डावं आणि वाचकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचं. बिल्डचा खप सर्वात मोठा, मथळेही तसेच. तिथली खळबळजनक बातमी दुसरीकडे पडताळूनच घ्या. वर्गणी परवडत नसेल तर शहराच्या वाचनालयाचं कार्ड काढा. बऱ्याच ठिकाणी त्यावर दैनिकं ऑनलाइन वाचता येतात.

देश सोडताना पालिकेतली नोंद रद्द केली म्हणजे शुल्क थांबलं असं नाही. बायट्राग्ससर्विसला वेगळं कळवा, सोबत पालिकेच्या दाखल्याची प्रत जोडा आणि त्यांचं लेखी उत्तर जपून ठेवा.