पेबल बीचच्या कड्यांवर गोल्फ खेळताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियात कार्मेलच्या उपसागराला लागून असलेलं पेबल बीचचं गोल्फ मैदान 1919 साली खुलं झालं. सॅन होजे किंवा फ्रीमाँटमधल्या मराठी घरांतून ते गाडीने दीड-दोन तासांवर आहे. एका राउंडची (अठरा होलांच्या फेरीची) फी 600 डॉलरच्या वर, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला ते आयुष्यात एकदाच येतं. तो एकच दिवस हातातून निसटताना मी अनेकांना पाहिलं आहे. स्विंग (फटका मारताना क्लब फिरवणं) बिघडला म्हणून असं क्वचितच होतं. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, पिशवीतून बाहेर काढला तेव्हाच चूक होऊन गेलेली असते.

घरचे यार्ड इथे चालत नाहीत

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचे पहिले चार-पाच शॉट हमखास ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक हिरवळीच्या) अलीकडे पडतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, हवा गरम आणि विरळ. पेबल बीच समुद्राच्या काठाला, आणि ऐन जुलैतही सकाळी तापमान बरेचदा 13-14 अंशांवर अडकलेलं, वर धुकं. थंड, दाट हवेत चेंडू कमी जातो. घरी 150 यार्ड जाणारं सात नंबरचं आयर्न इथे वारा नसतानाही कमी पडतं, म्हणून पहिल्या होलपासूनच एक क्लब जास्त (म्हणजे एक पायरी लांब मारणारा) घ्या. बरोबर वारा अडवणारं जाकीट आणि एक कोरा ग्लोव्ह ठेवा, कारण दमट हवेत ग्लोव्ह ओला होऊन क्लब हातातून सरकतो. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, असं समजून हाफ पँटवर येणारे चौथ्या होलपर्यंत कुडकुडायला लागतात.

वाऱ्याशी जोर करू नका

सातवं होल जेमतेम 106 यार्डांचं, उतारावरचं. खाली इवलंसं ग्रीन, भोवती बंकर (वाळूचे खड्डे), पलीकडे खडक आणि लाटा. शांत हवेत तिथे वेज (जवळच्या अंतराचा क्लब) पुरतो. इथे झालेल्या 1992च्या यू.एस. ओपन स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मात्र वारा इतका होता की अमेरिकन खेळाडू टॉम काइटने तिथे सहा नंबरचं आयर्न (सातपेक्षाही लांब मारणारं) काढलं. तरीही चेंडू ग्रीनवर थांबला नाही. मग त्याने चिप करून (ग्रीनबाहेरून हलका फटका मारून) थेट होलमध्ये घातला आणि ती स्पर्धा जिंकली. 106 यार्डांना सहा नंबर! आपण असतो तर लाजेखातर वेजच घेतला असता आणि जीव खाऊन मारला असता.

नेमकी हीच चूक. जोरात मारलेल्या चेंडूला बॅकस्पिन जास्त मिळतो, समोरच्या वाऱ्यात तो वर चढत जातो आणि अलीकडेच धपकन पडतो. त्याऐवजी दोन-तीन क्लब जास्त घ्या, ग्रिप थोडी खाली धरा, चेंडू उजव्या पायाकडे किंचित सरकवा (डावखुऱ्यांनी उलट) आणि तीन चतुर्थांश स्विंग करा. वारा जितका जास्त, तितका हात सावकाश. टी बॉक्सवर (होलचा पहिला शॉट मारायच्या जागी) गवत उडवून बघणं पुरेसं नसतं, कारण टी अनेकदा आडोशाला असतो आणि चेंडू जातो तो उघड्या समुद्रावरून. झेंडा, लाटांचे शेंडे, हवेत तरंगणारे पक्षी यांच्याकडे बघा.

आठवं होल: कड्याच्या टोकावरची हाव

या मैदानावरचं माझं सर्वांत आवडतं होल हेच. इथल्या दुसऱ्या शॉटला दिग्गज खेळाडू जॅक निक्लॉस गोल्फमधला आपला सर्वांत लाडका शॉट म्हणत. टीवरून चढ लागतो, पलीकडचं काही दिसत नाही, आणि फेअरवे (टीपासून ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) एका ठिकाणी अचानक संपतो. पुढे खोल घळ, खाली पाणी, पलीकडे छोटं ग्रीन. हौसेने ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) काढला आणि तो मनासारखा बसला, तर चेंडू पळत जाऊन कड्यावरून खाली. टीवर कॅडीला (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला) किंवा यार्डेज बुकला (अंतरांच्या पुस्तिकेला) विचारा: फेअरवे किती यार्डांवर संपतो? त्याच्या किमान 20 यार्ड अलीकडे थांबणारा क्लब घ्या.

दुसरा शॉट घळीवरून झेपणार नसेल, तर डावीकडून जमीन वळसा घालून ग्रीनकडे जाते. त्या वाटेने तीन शॉटमध्ये ग्रीनवर या. बोगी (पारपेक्षा, म्हणजे होलसाठी ठरलेल्या शॉटपेक्षा, एक जास्त) मिळेल, आणि इथे बोगी चांगलीच म्हणायची.

आता जिवाच्या धोक्याचं. फेब्रुवारी 2022मध्ये अमेरिकन व्यावसायिक खेळाडू जॉर्डन स्पीथचा चेंडू याच होलवर अगदी कड्याच्या तोंडाशी थांबला. खाली साठ-सत्तर फुटांची सरळ दरी. कॅडी नको म्हणत होता, तरी स्पीथने तिथे उभं राहून सात नंबरचं आयर्न मारलं आणि तोल सावरत मागे धावला. त्याने पार वाचवला. पण तो वाचवलेला एक शॉट त्या धोक्याच्या तोडीचा नव्हता, हे नंतर त्यालाही जाणवलं. तिथली माती ठिसूळ असते. चेंडू काठाशी असेल तर एका शॉटचा दंड घ्या आणि मागे येऊन ड्रॉप करा (चेंडू हातातून खाली सोडून तिथून खेळा). बरोबरचा कुणी काठाकडे जात असेल तर त्यालाही ओढून मागे आणा, मग ते वयाने मोठे काका का असेनात.

हिरवळीवर डोळे फसवतात

ग्रीन इथे फारच लहान आहेत, सरासरी 3,500 चौरस फूट. झेंडा काठाशी असला तरी नेम मधोमध धरा.

पट करताना (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवताना) बहुतेकांचा घोटाळा उतारात होतो. सगळी जमीनच समुद्राकडे झुकलेली असल्यामुळे डोळ्याला तो झुकाव सपाट वाटतो. म्हणून ग्रीनवर पोचण्याआधी, लांबूनच, पाणी कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा. गवत पोआ ॲन्युआ जातीचं. दुपारपर्यंत ते असमान वाढतं, पावलांचे ठसे धरून ठेवतं, आणि हळू चाललेला चेंडू त्यावर थरथरत भरकटतो. दुपारी होलच्या तोंडाशी मरणारा पट मारू नका, फूटभर पुढे जाईल एवढा जोर द्या.

एक नियम लक्षात असू द्या. तुम्ही चेंडू खूण करून उचलला, परत ठेवला आणि मग वाऱ्याने हलवला, तर तो मूळ जागी ठेवायचा असतो. उचलायच्या आधीच वाऱ्याने हलवला, तर नव्या जागेवरून खेळायचं. हा बदल 2019पासूनचा आहे आणि अनेक जुने खेळाडू अजून उलटंच करतात.

अठराव्यावर समुद्राला घाबरून उजवीकडे

चौथ्या होलपासून दहाव्यापर्यंत समुद्र सोबतीला असतो, मग तो दूर जातो आणि सतराव्याला परत भेटतो. जमतील तेवढे पार पहिल्या सात होलांवर करून ठेवा. आठ, नऊ, दहा ही होलं ते परत मागतात.

अठरावं होल पाच पारचं, 543 यार्डांचं, डावीकडे शेवटपर्यंत पाणी. त्या पाण्याला घाबरून लोक उजवीकडे नेम धरतात, आणि मूळचा स्लाइस असलेला (उजवीकडे वळत जाणारा) चेंडू उजवीकडच्या घरांकडे, मैदानाबाहेर जातो. हिशेब करा. पाण्यात गेला तर एक शॉटचा दंड, पण चेंडू जिथून आत शिरला त्याच्या जवळपास ड्रॉप मिळतो. बाहेर गेला तर दंडही आणि पुन्हा त्याच टीवरून मारणंही. म्हणून चेंडू बाहेर गेल्याची शंका आली, तर पुढे चालायच्या आधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट शब्दांत सांगून दुसरा चेंडू मारा. शोधायला मिळतात फक्त तीन मिनिटं.

फोटो काढा, जरूर काढा, पण बरोबरचे टीकडे चालत असताना. आणि अठराव्याचा फोटो ग्रीनवरून मागे वळून काढा, म्हणजे आख्खा काठ एका चौकटीत येतो.