नागपूरहून परदेशात औषधं पाठवताना

पार्सल नावावरूनही परत येतं. चिठ्ठी, बिल आणि पासपोर्टवर रुग्णाचं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. बिल बाबांच्या नावाने फाडलं की अडलंच. धंतोलीतल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी टाइप करून, सही-शिक्क्यासह घ्या. 'टेल्मा ४०' हे बीपीच्या गोळीचं आपलं ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळणार? सोबत औषधाचं मूळ नाव, 'टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ', लिहून घ्या. स्ट्रिप अख्खीच घ्यावी. कापली की बॅच नंबर, एक्सपायरीचा भाग दुकानातच राहतो. अमेरिकेसाठी साधारण ९० दिवसांपुरतंच पाठवा. जर्मनीत भारतातून टपालाने औषध मागवता येत नाही, जातानाच स्वतःपुरतं न्यावं. ट्रामाडॉल (वेदनाशामक), अल्प्राझोलम (चिंतेवरची गोळी) अशी नियंत्रित औषधं पार्सलमध्ये घालूच नका. इन्सुलिन तर आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत कुरिअरने नकोच. नेणाऱ्याने हातातल्या बॅगेत ठेवावं.